अभ्यासिकेतले रविवारचे मॉक इंटरव्ह्यू: प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२५

६ जुलै, रविवार

आज आषाढी, सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये भजन होतं म्हणून आम्ही दुपारी बसलो. ठरलं ते असं की मंडळाच्या अभ्यासिकेत दर रविवारी मॉक इंटरव्ह्यू घ्यायचे, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू, जी पोरं आता इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला गेलीत त्यांच्यासाठी, पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी. लालबाग, करी रोड, शिवडी, वरळी इथली पोरं आहेत, कॉलेजं वेगवेगळी, कोणी माटुंग्याला जातं कोणी अंधेरीला कोणी पार नेरूळला. ब्रँचेस पण सगळ्या, कॉम्प्स, आयटी, मेक (मेकॅनिकल), इलेक्ट्रिकल, एक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम). नोंदी यासाठी ठेवतेय की पुढच्या वर्षी दुसरं कोणी हे चालवायला घेतलं तर त्याला हातात काहीतरी मिळावं.

हे का सुरू केलं ते आधी लिहिते. गेल्या वर्षी आपल्याच भागातली पोरं मोठ्या कंपन्यांच्या शेवटच्या राउंडपर्यंत गेली आणि तिथून परत आली, पॉइंटर (कॉलेजच्या मार्कांची सरासरी) चांगला, प्रोजेक्ट स्वतःचे, आणि नंतर विचारलं की एकच उत्तर, "येत होतं ताई, पण बोलता नाही आलं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते आता सहन होत नाही. आपल्याकडे पोरगं पेपरात लिहून पास होतं, व्हायव्हात दोन वाक्यं बोलतं, बस. विचार करताना तोंड बंद ठेवायचं हेच लहानपणापासून शिकवलेलं असतं. इंटरव्ह्यूत नेमकं उलटं लागतं, समोरच्याला तुमचं डोकं कसं चालतं ते ऐकायचं असतं.

कॅलेंडरबद्दल. सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपन्या जुलै-ऑगस्टमध्येच पुढच्या मे-जूनच्या जागा भरायला घेतात, आयआयटीतला इंटर्नशिप सीझनसुद्धा साधारण याच सुमाराला सुरू होतो. कोअरवाल्या, म्हणजे यंत्रं, वीज अशा मूळ इंजिनिअरिंगच्या कंपन्या बऱ्याचदा त्यानंतर येतात. आपल्या पोरांच्या डोक्यात मात्र असं असतं की इंटर्नशिप मे महिन्यात आहे ना मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बघू. म्हणून आजच सगळ्यांना सांगितलं की तुमचे टीपीओ (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) काय म्हणतात ते विचारून या, कट-ऑफ किती, केटी (राहिलेला विषय) चालते का, एक ऑफर घेतली की बाकीच्या कंपन्यांना बसता येतं का. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा आहे आणि तो आधी माहीत असलेला बरा.

१३ जुलै, रविवार

रेझ्युमे. अख्खा दिवस यातच गेला आणि तो जायलाच हवा होता.

आलेले बहुतेक रेझ्युमे दोन पानांचे, वर फोटो, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, मग हॉबीज. हे सगळं काढलं. एक पान, एक कॉलम, पीडीएफ. दोन कॉलम, रंगीत पट्ट्या, स्किलच्या पुढे पाच पैकी चार स्टार हे दिसायला छान दिसतं पण मोठ्या कंपनीत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं मग माणूस, आणि त्या सॉफ्टवेअरला असल्या डिझाइनमधला मजकूर कधी कधी उलटसुलट दिसतो. आणि स्टारचा अर्थ तरी काय, जावात चार स्टार म्हणजे नेमकं काय येतं?

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रेझ्युमेवरची प्रत्येक ओळ ही समोरच्याला दिलेलं आमंत्रण आहे, की यावर मला विचारा. म्हणून आम्ही असं केलं की प्रत्येकाच्या प्रत्येक ओळीवर दोनदा "का" विचारायचं. मशीन लर्निंग वापरून पिकांवरचे रोग ओळखले, बरं, हेच मॉडेल का घेतलं? डेटा कुठून आणला, एका रोगाचे फोटो जास्त आणि दुसऱ्याचे कमी होते का, मग ॲक्युरसी ९५ टक्के आली तिचा अर्थ काय धरायचा? दुसऱ्या "का"ला जी ओळ पडली ती खोडली. एकाच्या रेझ्युमेवरून निम्म्या ओळी गेल्या, तो जरा नाराज झाला, पण ज्या राहिल्या त्यांच्यावर तो अर्धा तास बोलला. अशा चार ओळी पंचवीस पोकळ ओळींपेक्षा कितीतरी भारी आहेत, हे मी पूर्ण खात्रीने लिहितेय.

मेकवाल्यांना वाटतं आमच्याकडे दाखवायला काही नाही. असं नसतं. वर्कशॉपमध्ये स्वतः केलेला जॉब, एसएई बाहा (कॉलेजच्या टीमने स्वतः गाडी बनवायची स्पर्धा) किंवा गो-कार्टच्या टीममध्ये केलेलं काम, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत घेतलेलं ट्रेनिंग, हे सगळं लिहायचं. फक्त "ट्रेनिंग घेतलं" असं नाही, तिथे काय बघितलं, काय मोजलं, कशाला हात लावला ते.

२० जुलै, रविवार

ओए म्हणजे ऑनलाइन असेसमेंट. सगळ्यात जास्त पोरं इथेच गळतात आणि का गळली ते त्यांना कळत पण नाही कारण रिजेक्टचा मेल येतो तोही ठरावीक, कधी कधी तर येतच नाही.

आज सगळ्यांना हॅकररँक या कोडिंग टेस्टच्या साइटवर एकच प्रश्न दिला, वेळ लावून, मोबाइल बाहेरच्या टेबलावर. खऱ्या टेस्टमध्ये कॅमेरा चालू असतो, टॅब बदलला की नोंद होते, त्याची पण सवय हवी. प्रश्न सोपा होता, एका ॲरेत (आकड्यांच्या यादीत) असे दोन आकडे शोधा ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते. सगळ्यांनी सोडवला. सॅम्पल टेस्ट केस (कोड तपासायची उदाहरणं) हिरव्या झाल्या म्हणून सगळे खूश, आणि सबमिट केल्यावर लपवलेल्या टेस्ट केसेसमध्ये बहुतेक सगळ्यांचा टाइम लिमिट उडाला.

मग फळ्यावर एवढंच केलं. प्रश्नाच्या खाली कन्स्ट्रेंट्स, म्हणजे मर्यादा, दिलेले असतात ते कोणीच वाचले नव्हते. तिथे लिहिलं होतं की ॲरेत एक लाखापर्यंत आकडे असू शकतात. दोन लूप एकात एक लावले की एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे हजार कोटी वेळा काम, आणि ढोबळ हिशोब धरायचा झाला तर एका सेकंदात साधारण दहा कोटी साधी कामं होतात. मग हे एक-दोन सेकंदात बसणारच नाही, कोड लिहायच्या आधीच कळतं. म्हणजे प्रश्नच सांगतोय की दुसरा रस्ता शोध. हॅशमॅप, म्हणजे आधी आलेला आकडा झटकन शोधता येईल अशी नोंद, ठेवला की एका फेरीत काम होतं. सॉर्ट करून दोन्ही टोकांनी आत येता येतं, ते पण वेळेत बसतं, पण मूळ जागा विचारल्या असतील तर सॉर्ट केल्यावर त्या हरवतात, आधी जपून ठेवायला लागतात.

दुसरी गोष्ट, सी प्लस प्लसवाल्यांसाठी. पूर्णांक ठेवायच्या साध्या इंट प्रकारात साधारण २१४ कोटीपर्यंतच मावतं. एक लाख आकडे, प्रत्येक शंभर कोटीपर्यंत, बेरीज १०० लाख कोटीवर जाते, मग इंट फुटतो आणि उत्तर चुकतं, कधी कधी निगेटिव्ह पण येतं. लाँग लाँग हा मोठा प्रकार घ्यायचा. पायथनवाल्यांना ही कटकट नाही पण त्यांना वेळेची आहे.

पहिली पाच मिनिटं फक्त वाचायची असं ठरलं. कीबोर्डला हात नाही लावायचा. आणि जो प्रश्न पूर्ण येत नाही त्याचं साधं हळू चालणारं उत्तर तरी टाकायचं, बऱ्याच टेस्टमध्ये जेवढ्या केसेस पास तेवढे मार्क मिळतात, कोरं सोडणं सगळ्यात वाईट.

२७ जुलै, रविवार

पहिले खरे मॉक. मी समोर बसले, बाकीचे मागे वहीत लिहीत होते.

कॉम्प्सचा एक मुलगा, गेल्या रविवारी सगळ्यात आधी कोड पूर्ण करणारा. प्रश्न दिला, "स्टार्ट" म्हटलं, आणि तो गप्प झाला. पेन फिरवतोय, कागदावर काहीतरी खरडतोय, चेहऱ्यावरून दिसतंय की डोक्यात भराभर चाललंय, पण खोलीत फक्त पंख्याचा आवाज. आठ मिनिटांनी मान वर केली आणि एकदम बरोबर उत्तर सांगितलं. मागे बसलेल्यांच्या वह्या मागवल्या तर सगळ्यांच्या कोऱ्या, कारण लिहायला काही ऐकूच आलं नव्हतं. मी त्याला तेच दाखवलं, की इंटरव्ह्यू घेणाऱ्याला पण राउंड संपल्यावर असाच एक रिपोर्ट भरायचा असतो, उमेदवाराने प्रश्न कसा समजून घेतला, कुठले पर्याय तपासले, चुकीचा रस्ता कसा सोडला, आणि तू त्याला भरायला काहीच दिलं नाहीस.

मग तोच प्रश्न परत, या वेळी मी म्हटलं मराठीत बोल, जसं खाली कट्ट्यावर मित्राला समजावतोस तसं. आणि काय बोलला तो! "हे बघ, आधी प्रत्येक जोडी बघू शकतो पण ते लय स्लो होईल, मग मला हवाय काय तर या आकड्याचा जोडीदार, तो आधी येऊन गेलाय का एवढंच कळलं पाहिजे, मग जे येऊन गेले ते कुठेतरी लिहून ठेवले तर..." इथे त्याला हॅशमॅप आपोआप सापडला. मागच्यांच्या वह्या भरल्या.

इथून पुढे असंच करायचं ठरलं. पहिले काही रविवार मराठीत, बोलत विचार करायची सवय लागली की मग तेच इंग्रजीत, मोडकं असलं तरी चालेल. दोन नवीन गोष्टी एकदम शिकायला लावल्या की पोरगं दोन्हीकडे अडकतं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून राहिलो असं जे पोरं म्हणतात त्यातल्या बऱ्याच जणांचा खरा प्रॉब्लेम हा असतो की ती कुठल्याच भाषेत विचार मोठ्याने करत नाहीत.

प्रश्न ऐकल्यावर लगेच सोडवायला घ्यायचं नाही हे पण. आधी विचारायचं, आकडे निगेटिव्ह असू शकतात का, तोच आकडा दोनदा येऊ शकतो का, उत्तर नसेलच तर काय परत द्यायचं. पोरांना वाटतं प्रश्न विचारला की आपल्याला समजलं नाही असं दिसेल. उलट आहे, बरेच प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगितलेले असतात.

३ ऑगस्ट, रविवार

आज कमी जण आले. एका मुलीला मेल आला होता की मोठ्या कंपनीत इंटर्नशिप पक्की झाली, फक्त लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, नंतर परत मिळेल. नशीब भरलं नव्हतं. मेल साध्या जीमेलच्या पत्त्यावरून, इंटरव्ह्यूच झाला नाही आणि ऑफर लेटर हातात. सगळ्यांना परत सांगितलं, मोठी कंपनी इंटर्नकडून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, डिपॉझिट कशाचेच पैसे घेत नाही. पैसे मागितले की तिथेच थांबायचं आणि १९३० या सायबर हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवायचा.

सरकारच्या पीएम इंटर्नशिप योजनेबद्दल पण दोघांनी विचारलं. ती २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला ५,००० रुपये, पण रेग्युलर फुल टाइम शिकणाऱ्यांसाठी ती नाही, त्यामुळे आपल्या थर्ड इयरवाल्यांनी त्यात वेळ घालवायचं कारण नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आजचा रविवार सविस्तर लिहिते कारण कोअरवाल्यांना यातून खूप मिळालं.

माझा कॉलेजचा एक मित्र पंपांच्या कामात आहे, तो मॉक घ्यायला आला. समोर मेकचा मुलगा, चाळीत राहतो, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये किंवा पवईच्या एल अँड टीमध्ये इंटर्नशिप मिळावी अशी त्याची फार इच्छा आहे. रेझ्युमेवर सेंट्रीफ्युगल पंपाचा टेस्ट रिग. मित्राने विचारलं, "प्रायमिंग का करतात?" मुलाने व्याख्या धडाधड म्हटली, सक्शन पाइप आणि केसिंगमधली हवा काढून टाकणे वगैरे, पुस्तकातली जशीच्या तशी इंग्रजीत. मित्र म्हणाला, "बरोबर, पण हवा राहिली तर बिघडतं काय? इम्पेलर तर फिरतोयच ना." (इम्पेलर म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक.) शांतता. चेहरा पडला.

मी मध्ये पडले, "तुमच्या चाळीतला पंप सकाळी कोण चालू करतं रे?"

"मीच करतो ताई, पप्पा नाईटला असले की."

"कधी पाणी चढत नाही असं होतं का?"

आणि मग तो सुटला. फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाच्या झडपेत, कचरा अडकला की तो नीट बसत नाही, मग रात्रीतून पाइपातलं पाणी खाली टाकीत उतरतं, सकाळी पंप नुसता घुर्र करत फिरतो, आवाज पण हलका येतो, वरच्या नटातून बाटलीने पाणी ओतायचं, बुडबुडे यायचे थांबले की नट आवळायचा आणि चालू करायचं. मित्राने फक्त एवढंच विचारलं, "आवाज हलका का येतो?" मुलगा थांबला पण गप्प नाही बसला, बोलत राहिला, "म्हणजे लोड कमी आहे... इम्पेलर हवेला पण फेकतोयच, पण हवेला वजनच नाही... हेड तेवढंच मिळालं तरी प्रेशर म्हणजे घनता गुणिले जी गुणिले हेड... हवा पाण्याच्या आठशे पट हलकी, मग प्रेशर पण आठशे पट कमी, मग खालचं पाणी वर खेचायला ताकदच तयार होत नाही!" शेवटचं वाक्य त्याने जवळजवळ ओरडूनच सांगितलं. मित्राने टेबलावर हात मारला.

पुढचा प्रश्न, पंप टाकीतल्या पाण्याच्या किती वर बसवता येईल? त्याने फळ्यावर हिशोब केला, हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल भागिले १००० गुणिले ९.८१, उत्तर १०.३ मीटर. मित्र म्हणाला प्रत्यक्षात? मुलगा म्हणाला कमी, पाइपात घर्षण आहे, बेंड आहेत, फूट व्हॉल्व्हचा पण लॉस आहे, आणि दाब फारच उतरला तर पाण्याची तिथेच वाफ होईल. नंतर तेच बुडबुडे इम्पेलरमध्ये जास्त दाबाच्या जागी फुटतात, खडी भरल्यासारखा आवाज येतो, धातूला खड्डे पडतात. "याला कॅव्हिटेशन म्हणतात, आणि ते एनपीएसएच का काय ते यासाठीच असतं ना?" हो, एनपीएसएच म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये एवढा दाब आहे का याचं माप, ते यासाठीच असतं. त्याने ते टर्म कितीतरी वेळा पाठ केलं होतं, पण ते कशासाठी आहे ते आज त्याच्या हातात आलं.

आपल्या पोरांना माहिती कमी नाही. पंप, लिफ्ट, मीटर, मिक्सरचं वाइंडिंग, सगळं त्यांनी हाताळलंय, फक्त हे इंजिनिअरिंग आहे आणि हे इंटरव्ह्यूत सांगायचं असतं असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आणि एक. मित्राने हिंट दिली तेव्हा मुलाने ती घेतली. काही पोरं हिंट दिली की कमीपणा मानतात आणि आपलंच रेटतात. मोठ्या कंपनीत हिंट घेऊन पुढे जाणं ही चांगली गोष्ट धरली जाते, उद्या तुम्हाला टीममध्ये कोणाचं तरी ऐकूनच काम करायचंय.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी, निम्मी पोरं झोपेत. मॉक नाही घेतले, जागेबद्दल बोललो.

बहुतेक इंटरव्ह्यू ऑनलाइन असतात आणि आपल्याकडे घर म्हणजे एक खोली, त्यात आई स्वयंपाक करतेय, टीव्ही चालू, आजोबा झोपलेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ तारखेला मिळाल्या, आपल्यातल्या एका मुलीच्या घरच्यांना पण मिळाली, १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, ती म्हणाली ताई पहिल्यांदा मला दार लावून बसता येईल. फार बरं वाटलं ऐकून. बाकीच्यांसाठी अध्यक्षकाकांशी बोलले, ज्याचा इंटरव्ह्यू असेल त्याला अभ्यासिकेची मागची छोटी खोली द्यायची, चावी वॉचमनकाकांकडे. काका लगेच हो म्हणाले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो, हार्बर बंद, सेंट्रल पण ठप्प, कॉलेजांना सुट्टी. आणि आजच दोघांची ओए होती, कंपनी बंगळुरूची, त्यांना आपल्या पावसाचं काय. एकाच्या घरातली लाइट गेली. आधीच ठरवल्याप्रमाणे त्याने मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप पूर्ण चार्ज होता, आणि सुरू करायच्या आधी रिक्रूटरला दोन ओळींचा मेल टाकून ठेवला की मुंबईत पूरस्थिती आहे, कनेक्शन तुटलं तर कळवेन. टेस्ट पूर्ण झाली. असा मेल आधी टाकलेला असला की वेळ पडल्यावर बोलायला आधार राहतो, नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

२४ ऑगस्ट, रविवार

मंडपाचं काम जोरात, खिळे ठोकायच्या आवाजात मॉक घेतला.

इलेक्ट्रिकलच्या मुलीला कळव्याच्या सीमेन्सची आस आहे. तिला विचारलं ट्रान्सफॉर्मरचं रेटिंग केव्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) का असतं, केडब्ल्यूमध्ये (प्रत्यक्ष कामी येणारी पॉवर) का नाही. हा प्रश्न इतक्या ठिकाणी विचारतात की उत्तर सगळ्यांना पाठ आहे, कॉपर लॉस करंटवर, आयर्न लॉस व्होल्टेजवर, पॉवर फॅक्टरचा संबंध नाही. तिनेही तेच सांगितलं. म्हणून पुढे विचारलं, मग मोटरच्या पाटीवर केडब्ल्यू का लिहितात? ती विचार करत बोलली, की मोटरचं काम तिच्या शाफ्टला काय जोडलंय त्यावर ठरतं, घेणाऱ्याला शाफ्टवर किती ताकद मिळणार तेच हवंय, पण ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याला माहीतच नसतं की पुढे कोण काय जोडणार, म्हणून तो एवढंच सांगतो की इतके व्होल्ट आणि इतके अँपिअर मी सहन करेन. मस्त. स्टार-डेल्टा स्टार्टरवर, म्हणजे मोटर कमी करंटवर सुरू करायच्या पद्धतीवर, पण तसंच, सुरुवातीचा लाइन करंट एक तृतीयांश होतो हे सांगितल्यावर स्वतःहून म्हणाली की टॉर्क पण एक तृतीयांशच होतो, म्हणून भरलेला कन्व्हेअर यावर सुरू करायला गेलं तर तो हलणारच नाही. विचारायच्या आधी तोटा पण सांगितला, हे मला सगळ्यात आवडलं.

बुधवारी गणपती. विसर्जनापर्यंत रविवार बंद, पण ज्यांचे खरे इंटरव्ह्यू आहेत त्यांनी फोन करायचा.

१४ सप्टेंबर, रविवार

परत सुरू. आज बिहेव्हिअरल राउंड, म्हणजे प्रसंग आला तेव्हा तुम्ही कसे वागलात ते विचारणारा. पोरं याला "एचआर" म्हणून हलक्यात घेतात. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी हा राउंड वेगळा नसतोच, त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत, २०२१ पर्यंत १४ होती, आणि त्यावरचे प्रश्न टेक्निकल राउंडमध्येच मिसळून येतात. अडचण आली तेव्हा काय केलं, कोणाशी मतभेद झाला तेव्हा कसं निभावलं. यावर नेटवरून पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात.

आयटीची मुलगी म्हणाली माझ्याकडे असा काही किस्साच नाही. मी विचारलं गणपतीत तू काय केलंस? म्हणाली काही नाही ताई, वर्गणीचा हिशोब. तो किस्सा काढून घेतला. या वर्षी अर्धी वर्गणी क्यूआरवर आली, अर्धी रोख, पावती पुस्तकं सहा-सात जणांकडे, आणि बँकेतली रक्कम पावत्यांशी जुळेना. कार्यकर्त्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. हिने बँकेचं स्टेटमेंट काढलं, प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा आकडी रेफरन्स नंबर असतो तो धरून शीटमध्ये पावत्यांशी जुळवला, आणि दिसलं की पैसे कुठे गेले नव्हते, लोकांनी परस्पर क्यूआरवर भरले आणि पावती फाडायची राहिली. मग तिने नियम लावला की क्यूआरवर पैसे आले की रेफरन्सचे शेवटचे चार आकडे पावतीवर लिहायचे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हिशोब बंद.

हा किस्सा कुठल्याही मोठ्या कंपनीत चालेल! परिस्थिती काय होती, तिच्यावर काय जबाबदारी होती, तिने काय केलं, निकाल काय लागला, सगळं आहे त्यात. फक्त सांगताना ती सारखी "आम्ही केलं, आम्ही बघितलं" म्हणत होती. स्वतःचं श्रेय घेणं बरं नाही दिसत असं आपल्याला घरूनच शिकवलंय, पण इथे समोरच्याला तुझंच काम ऐकायचंय, म्हणून जे तू केलंस तिथे मी म्हण, जे सगळ्यांनी केलं तिथे आम्ही. खोटं काहीच नाही त्यात.

बाकीच्यांकडूनही निघाले. रांगेत धक्काबुक्की झाली तेव्हा बॅरिकेड कुठे वळवले, साउंडवाला ऐनवेळी आला नाही तेव्हा काय केलं. लालबागच्या पोरांकडे असे किस्से नाहीत तर मग कोणाकडे असणार.

२१ सप्टेंबर, रविवार

खरे इंटरव्ह्यू देऊन आलेल्यांनी आज बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

आठ मिनिटं गप्प बसणारा मुलगा दोन टेक्निकल राउंड देऊन आला. एका राउंडला साधा डॉक्युमेंट होता, कोड रन करायची सोयच नाही, स्वतः एक उदाहरण घेऊन ओळीओळीने कोड चालवून दाखवायचा. आपण इथे वहीवर तेच करत होतो म्हणून त्याला जड गेलं नाही. दुसऱ्या राउंडला डीबीएमएस म्हणजे डेटाबेसचा विषय, इंडेक्स (शोध पटकन व्हावा म्हणून ठेवलेली सूची) लावला की वाचन फास्ट होतं मग सगळ्याच कॉलमना इंडेक्स का नाही लावायचा? त्याने सांगितलं की प्रत्येक इन्सर्टला सगळे इंडेक्स पण बदलायला लागतात आणि जागा पण खातात. एका प्रश्नाला मला माहीत नाही म्हणाला, पण पुढे म्हणाला की अंदाज सांगू का, आणि समोरच्याने ऐकून घेतलं.

एकाने विचारलं की एआयची मदत घेतली तर कळतं का. मी स्पष्ट सांगितलं, घरी शिकायला घ्या, तुमच्या उत्तरावर उलट प्रश्न विचारायला लावा, फार उपयोगी आहे. चालू इंटरव्ह्यूत दुसऱ्या स्क्रीनवरून वाचलेलं उत्तर पहिल्या "का"लाच पडतं, आणि पकडलं गेलं तर त्या कंपनीचं दार बंद. गूगलच्या सुंदर पिचाईंनी तर या वर्षी जाहीर सांगितलंय की किमान एक राउंड समोरासमोर घेणार. म्हणजे शेवटी फळ्यासमोर उभं राहायचंच आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

निकाल. आठ मिनिटं गप्प बसणाऱ्या त्या मुलाला ऑफर आली, पुढच्या मेपासून दोन महिने. आई पेढे घेऊन अभ्यासिकेत आली होती. वर्गणीवाली मुलगी दोन राउंड पार करून तिसऱ्यात थांबली, पण आता तिच्याकडे दुसऱ्या दोन कंपन्यांच्या ओए आहेत आणि ती घाबरलेली नाही.

एक गोष्ट मात्र खूप टोचते आणि ती लिहितेच. एका मुलाला पॉइंटर थोडक्यात कमी आहे म्हणून एका मोठ्या कंपनीने बसूच दिलं नाही, सेकंड इयरला घरच्या आजारपणात त्याची एक सेमिस्टर खाली गेली होती. आमच्या मॉकमध्ये तो सगळ्यात स्पष्ट बोलणाऱ्यांपैकी आहे. हजारो अर्ज येतात, कुठेतरी रेघ मारायला लागते हे मला कळतं, पण ही रेघ चुकीच्या जागी आहे असं मी म्हणेन, कारण त्या आकड्यातून त्याचं डोकं दिसत नाही. त्याच्यासाठी आता ऑफ-कॅम्पस, म्हणजे कॉलेजमार्फत नाही तर थेट अर्ज. कंपन्यांच्या स्वतःच्या करिअर पेजवरच्या जागा, त्यात काही ठिकाणी कट-ऑफ नसतो. सीनियरकडून रेफरल (त्याच्या कंपनीत आपलं नाव सुचवणं) मागायचं, पण नुसतं "दादा रेफर करा ना" असं नाही, जॉब आयडी, रेझ्युमे आणि या कामाला मी का बसतो ते तीन ओळींत, म्हणजे समोरच्याला फक्त फॉरवर्ड करायचं राहतं. आणि गूगल समर ऑफ कोड, ओपन सोर्स म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायचा कार्यक्रम, २००५ पासून चालू आहे, तिथे मार्क कोणी विचारत नाही, तुमचं प्रपोजल आणि ओपन सोर्समधलं आधीचं काम बघतात. प्रपोजल साधारण मार्च-एप्रिलमध्ये जातात, म्हणून त्याने आजपासूनच एक प्रोजेक्ट निवडून छोटे बग सोडवायला घेतलेत. मी त्याच्याबरोबर बुधवारी रात्री बसणार आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या आधीचा शेवटचा. सॉफ्टवेअरची धावपळ जरा कमी झालीय, आता कोअरवाल्यांकडे पूर्ण लक्ष द्यायचं. पंपवाल्या मुलाच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात एक मोठी इंजिनिअरिंग कंपनी येतेय. त्याचं स्ट्रेस-स्ट्रेन, बीमला आय सेक्शनच का, बेअरिंग कसं निवडायचं हे झालंय, ड्रॉइंग वाचणं अजून कच्चं आहे. एच७/जी६ फिट (भोक आणि शाफ्ट एकमेकांत किती सैल बसतात त्याची खूण) बघून शाफ्ट मोकळा फिरेल हे सांगतो पण टॉलरन्सचे, म्हणजे मापातल्या चालणाऱ्या फरकाचे, आकडे काढायला अडकतो. माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स, मला यात खोलवर शिकवता येणार नाही.

भाऊबीज झाली की पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, परत सुरू. भागात कोणाचे काका-मामा टूल रूममध्ये किंवा क्वालिटीत काम करत असतील, रिटायर झालेले असले तरी चालतील, तर त्यांना घेऊन या. सोबत एक-दोन जुनी ड्रॉइंग्ज आणि व्हर्नियर आणला तर फारच छान, पोरांना प्रत्यक्ष मोजून बघता येईल.